पाणी आलं तर, पाणी आलं असतं तर

शनिवार पेठेत नदीच्या अंगाला राहणाऱ्या जुन्या माणसांशी बोलत बसलं, की एक अर्धं वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच : पानशेत फुटलं नसतं तर... १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी ओंकारेश्वराकडून पेठेतल्या वाड्यांमध्ये शिरलं. पुढे कित्येक कुटुंबं सहकारनगरला, गोखलेनगरला राहायला गेली. वाक्याचा उरलेला अर्धा भाग प्रत्येक घरात निराळा असतो. पहिला अर्धा मात्र सगळीकडे तोच, आणि तो ऐकताना धरण फुटलं होतं हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. 'फुटलं नसतं' या रूपातच ते सांगून झालेलं असतं.

माझ्या शाळेतल्या सरांच्या घरी या वाक्यावरून मोठा वाद झाला. सरांनी पेठेतच मराठी आणि संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांची भाची अंकाराला शिकायला होती; आता परत येऊन ती काही मराठी मंडळींना तुर्की शिकवते. मराठी माणसाने तुर्की थेट मराठीतून शिकावी, मध्ये इंग्रजी नको, असं तिचं ठाम म्हणणं. सरांना ते अजिबात पटत नव्हतं. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून इथे मीही मामाच लिहितो.

भाची : मामा, तुझं पानशेतचं वाक्य तुर्कीत सांगते. 'सु गेल्मेसेय्दी गित्मेझ्दिक.' सु म्हणजे पाणी. पाणी आलं नसतं तर आम्ही गेलो नसतो. यात 'जर' नाही, 'तर' नाही, 'आम्ही' नाही. सगळं दोन क्रियापदांत.

मामा : 'तर' नाही, मग अट कुठे आहे?

भाची : गेल्-मे-से-य्दी. 'गेल्' म्हणजे येणं, 'मे' हा नकार, 'से' हा आपला 'तर' आणि शेवटी भूतकाळाचा 'दी'. दुसऱ्या क्रियापदाच्या टोकाला जो 'क' आहे, तो 'आम्ही'.

मामा : आणि 'जर'साठी काही शब्दच नाही?

भाची : आहे, 'एयेर'. फारसीतून घेतलेला 'अगर'. पण तो हवा तर लावायचा, नाहीतर नाही. लावला तरी 'से' सुटत नाही. आता आपलं बघ. 'पाणी आलं तर पूल बंद होईल' हे पुरं वाक्य आहे, 'जर' नसला तरी कुणाचं अडत नाही. उलट 'जर पाणी आलं, पूल बंद होईल' असं म्हण, जीभ अडखळते. म्हणजे दोन्ही भाषांत अटीच्या सुरुवातीचा शब्द ऐच्छिक आणि शेवटची खूण सक्तीची. इंग्रजीत नेमकं उलटं आहे, तिथे 'इफ'वाचून सहसा चालत नाही. मग मी माझ्या विद्यार्थ्याला आधी 'इफ'पाशी नेऊन मग 'से'पाशी का आणू?

मामा : कारण सोयीचं दिसतं ते खरं असतंच असं नाही. परक्या साच्यात भाषा बसवली की काय होतं, ते आम्ही मराठीत भोगलंय. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. माणूस फार मोठा, त्यांच्या कामाशिवाय आम्ही उभेच राहिलो नसतो. पण समोर नमुने होते इंग्रजीचे आणि संस्कृतचे. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढलं, तरी प्रश्न मिटले नाहीत. अरविंद मंगरूळकरांना व्याकरणाचा पुनर्विचार करावा लागला, अर्जुनवाडकरांना 'वाद आणि प्रवाद' लिहावं लागलं. मराठीला तिच्याच अंगाने बघा, हे सांगायला शंभर-दीडशे वर्षं लागली. आणि आता तू तुर्कीला मराठीचा साचा लावणार?

हा आक्षेप मला फार वजनाचा वाटला आणि अजूनही वाटतो. इंग्रजीचा साचा मराठीवर लादणं चूक असेल, तर मराठीचा साचा तुर्कीवर लादणं बरोबर कसं? भाचीही क्षणभर गप्प झाली. पण तिने सिद्धान्ताला सिद्धान्ताने उत्तर दिलं नाही. तिने रूपं मांडायला घेतली.

भाची : साचा लावत नाही. जे आधीच जुळतंय ते दाखवते. पाणी येत असेल तर : गेलियोर्सा. पाणी येणार असेल तर : गेलेजेक्से. पाणी आलं असेल तर : गेल्दीय्से. तुर्कीत आधी काळाचं पुरतं रूप करायचं, 'येतंय', 'येणार आहे', 'आलं', आणि मग त्याला 'से' जोडायचा. हा 'से' मुळात 'इसे' असा सुटा शब्द. तो 'असणे' अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदातून आलाय. मराठीत आपण काय करतो? 'येत', 'येणार', 'आलं', आणि मग 'असेल तर'. आपणही 'असणे'च आणतो.

मामा : पहिल्यात 'सा' म्हणालीस, बाकी ठिकाणी 'से'.

भाची : तो स्वरांचा मेळ. आधीच्या अक्षरात ए, इ असे स्वर असले तर 'से'; आ, ओ, उ असले तर 'सा'. 'योर'मधल्या 'ओ'मुळे 'सा' झाला. यात मराठीची काही मदत नाही, हे कबूल.

मामा : 'इसे' सुटा येतो कधी?

भाची : येतो, आणि तिथे तर मला मराठीच ऐकू येते. 'बेन इसे' म्हणजे 'मी मात्र', 'मी तर'. ते सगळे गेले, मी तर इथेच राहिलो, यातला 'तर'. अट दाखवणारा शब्द आणि एखाद्याला बाकीच्यांतून वेगळा काढून दाखवणारा शब्द दोन्ही भाषांत एकच.

मामा खूश झालेले दिसले, पण त्यांनी मान्य केलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थी कुठे पडेल ते आधी दिसतं. त्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं.

मामा : तू 'येत असेल तर' सांगितलंस, 'येणार असेल तर' सांगितलंस. आपण दिवसभर ज्याचा वापर करतो, ते साधं 'आलं तर' कुठे गेलं? खडकवासल्यातून पाणी सोडलं तर भिडे पूल बंद करतात. उद्या पाणी आलं तर आपण वरच्या मजल्यावर जाऊ. यात 'आलं' भूतकाळी दिसतं आणि गोष्ट उद्याची. तुझा विद्यार्थी मराठीच्या भरवशावर चालणार. तो 'आलं' बघून भूतकाळाचं 'गेल्दीय्से' नाही का लावणार?

भाची : लावतात. हमखास लावतात.

मामा : आणि मग अर्थ काय होतो?

भाची : पाणी आधीच येऊन गेलं असेल तर, असा. उद्यासाठी 'गेलिर्से' हवं. 'गेलिर' म्हणजे 'येतं', नेहमीचं, किंवा 'येईल'. 'सु गेलिर्से गिदेरिझ' : पाणी आलं तर आपण जाऊ. तुर्की भूतकाळाचं रूप भविष्यातल्या खुल्या शक्यतेसाठी उसनं देत नाही.

मामा : मग झालं की. मराठीने तुझा विद्यार्थी पाडला.

भाची : मराठीने नाही पाडला, मामा. मराठीकडे नीट न बघितल्याने पडला. 'आलं तर' यातलं 'आलं' काळ सांगतच नाही. ते एवढंच म्हणतं, की येणं पुरं झालेलं धरा, आणि मग बोलू. हे त्याला कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं. तुर्की शिकताना त्याला ते पहिल्यांदा दिसलं. इंग्रजीतून शिकला असता तर चूक कदाचित टळली असती, पण हे दिसलं नसतं.

वादाची खरी गाठ मला इथे दिसते. दोन भाषांचं साम्य शिकणाऱ्याला पुढे नेतं आणि फसवतंही. पण तो फसतो, ती जागाच मातृभाषेचं सर्वांत चांगलं व्याकरण शिकवते. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ पाठ करतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाला एखादं उदाहरण मिळतं, एका गुणाचा प्रश्न पडतो आणि विषय संपतो. 'आलं तर', 'आलं असेल तर', 'येतं तर' आणि 'आलं असतं तर' यांत बोलणाऱ्याचा विश्वास पायरीपायरीने कसा कमी होतो, हे कुणी फळ्यावर मांडून दाखवत नाही.

मामा : आता 'येतं तर' सांग. चार दिवस नळाला पाणी नाही. पाणी येतं तर किती बरं होतं! हे तुर्कीत?

भाची : 'केश्के सु गेल्से!' 'केश्के' म्हणजे हिंदीतला 'काश', फारसीतून आलेला. आणि इथे नीट ऐक, 'गेलिर्से' नाही, 'गेल्से'. 'से' थेट धातूला लागला, मध्ये काळ नाही. पाणी येईल अशी बोलणाऱ्याला फार आशा नाही. तो फक्त तशी कल्पना करतो किंवा इच्छा धरतो. म्हणून तिथल्या शाळेत या रूपाचं नाव 'दिलेक-शार्त किपी'. दिलेक म्हणजे इच्छा, शार्त म्हणजे...

मामा : शर्त!

भाची : आपलीच शर्त. इच्छा आणि शर्त यांचा एकच अर्थ मानलाय त्यांनी. याच रूपातून आर्जवही होतं. 'गेल्सेन' म्हणजे 'तू आलास तर', त्याला 'ए' जोडला की 'गेल्सेने' : ये ना! दोघं बसलेत, एकाने म्हणावं 'गित्सेक मी?' शब्दशः 'गेलो तर?' आणि अर्थ, 'निघायचं का?'

मामा : हे आपल्याकडे आहे. 'तू जरा बसलास तर?' असं आपण म्हणतो तेव्हा अट कुठे घालतो? विनवणीच करतो.

भाची : मग?

मामा : मग काही नाही. एवढं जुळतं, हे मान्य.

'शार्त' निघाल्यावर गोष्ट शब्दांवर गेली. फारसी 'अगर' तुर्कीत 'एयेर' होऊन 'जर'चं काम करतो. तोच शब्द मराठीतही आला, पण आपल्याकडे ती जागा 'जर'ने आधीच धरलेली होती. मराठीत 'अगर'ला 'किंवा'चं काम मिळालं : आज अगर उद्या. संस्कृतातल्या 'यर्हि' आणि 'तर्हि' यांच्यापासून आलेली 'जर-तर' ही जोडी फारसीच्या सगळ्या रेट्यातही हलली नाही. मामांनी राज्यव्यवहारकोशाची आठवण काढली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तसंच तुर्कस्तानात १९३२ साली भाषामंडळ स्थापन झाल्यावर अरबी-फारसी शब्दांना तुर्की पर्याय घडवले गेले. 'शार्त'साठीही 'कोशुल' आला. पण 'शार्त' गेला नाही, 'एयेर'ही गेला नाही.

मामा तिथून परत मुद्द्यावर आले.

मामा : तू म्हणतेस, तुर्की अट क्रियापदालाच चिकटवते. तशी मराठीही चिकटवते. 'विसर्ग वाढल्यास नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावे.' 'वाढल्यास'मध्ये 'जर' नाही, 'तर' नाही. तू हे का घेतलं नाहीस?

भाची : मुद्दाम घेतलं नाही. 'वाढल्यास' हा 'से'चा जुळा भाऊ दिसतो, पण त्याला पुरुष नाही, काळ नाही, खरं-खोटं नाही. 'आलो असतो तर' हे '-ल्यास'ने सांगून दाखव. सांगता येत नाही. 'से'ला सहाही रूपं आहेत : गेल्सेम, गेल्सेन, गेल्से, गेल्सेक, गेल्सेनिझ, गेल्सेलेर. शिवाय '-ल्यास' सूचनाफलकावर आणि सरकारी पत्रात राहतो, घरात कुणी 'तू आल्यास' म्हणत नाही. दिसायला सर्वांत जवळचं असलेलं रूप कामाला सर्वांत दूरचं निघालं.

इथे दोघांनी आपापल्या जागा बदललेल्या होत्या, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. साम्यापासून सावध करत होती भाची आणि साम्य शोधत होते मामा.

'तरी'च्या बाबतीत मात्र दोघांचं चटकन जमलं. पाणी आलं तरी मी जाणार नाही : 'सु गेल्से दे गित्मेम.' 'दे' म्हणजे 'ही', 'सुद्धा'. अटीला 'सुद्धा' जोडला, की अट मोडून काढता येते. आजच्या मराठीत 'तर' आणि 'तरी' यांचं नातं असंच आहे. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की तिथे 'जरी' आणि 'तरी' पुष्कळदा आपल्या 'जर' आणि 'तर' या अर्थाने येतात. आजचा अर्थ लावला तर ओवी उलटी वाचली जाते.

शेवटचा भाग परत पानशेतचा.

मामा : 'गित्मेझ्दिक' म्हणालीस. त्यात 'से' नाही?

भाची : नाही. 'से' फक्त अटीच्या अर्ध्यात. निकालाच्या अर्ध्यात 'गित्मेझ्दिक', आणि ते एकटं उभं केलं तर त्याचा अर्थ होतो, 'आम्ही जात नसू', पूर्वीची सवय.

मामा : म्हणजे रीतिभूतकाळ! मराठीत तसं नाही. 'आलं नसतं' आणि 'गेलो नसतो', दोन्ही अर्ध्यांत तेच 'नसतं-नसतो'. संस्कृतातही तसंच. पाणिनीने यासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार ठेवला आणि प्रसंगाला नाव दिलं क्रियातिपत्ती. क्रिया घडायचीच राहून गेली. तिथेही अट आणि निकाल, दोघांनाही लृङ्. का? कारण दोन्ही घडलेलं नाही. आपल्या भाषेने ते दोन्हीकडे लिहून ठेवलंय. तुझी तुर्की एकीकडेच लिहिते.

भाची : पण तुर्की एक गोष्ट सांगते, जी मराठी सांगत नाही. 'बाबा घरी असते तर त्यांना विचारलं असतं.' हे आत्ताचं की तेव्हाचं?

मामा : संदर्भाने कळतं.

भाची : संदर्भ नसेल तर कळत नाही. तुर्कीत आत्ताचं असेल तर 'ओल्सा' म्हणता येतं, तेव्हाचं असेल तर 'ओल्सायदी'. त्यातला शेवटचा स्वर आपल्याकडे नाहीच, 'ई' आणि 'अ' यांच्या मधला तो.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, असं शनिवारवाड्यासमोर उभं राहून १४ जानेवारी १७६१ बद्दल म्हणतात. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्या एका अटीवर उभी केली. पानशेत फुटलं नसतं तर, असं आम्ही म्हणतो. दोन्हीकडे तेच 'नसतं'. दोनशे वर्षांचं अंतर असो की आत्ताची गोष्ट असो, मराठीला फरक पडत नाही. तिला एवढंच सांगायचं असतं, की झालं ते बदलत नाही."

भाची : म्हणून मी मराठीतून शिकवते, मामा. हे वाक्य इंग्रजी पुस्तकातून तुला सुचलं असतं?

मामा : नसतं. पण तू शिकवताना प्रत्येक जोडी तपासून घे. जुळणाऱ्या जोड्या पहिल्या दिवशी सांग आणि 'आलं तर'चा खड्डाही पहिल्याच दिवशी दाखव. तो महिनाभराने दाखवशील तर माझा आक्षेप कायम.

माझं मत भाचीच्या बाजूने आहे, मामांची अट घालून. इंग्रजी पुस्तकं अटीच्या वाक्यांचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडतात आणि शिकणारा ते क्रमांक पाठ करतो. मराठी माणसाला त्या क्रमांकांची गरज नाही. 'येत असेल', 'येणार असेल', 'आलं असेल', 'येतं' आणि 'आलं असतं' हा भेद त्याच्या तोंडात लहानपणापासून आहे, आणि तुर्की तोच भेद 'से'च्या आधी आणि नंतर काय येतं त्यावरून करते. तुर्की शिकवणारं मराठी पुस्तक कुणी लिहायला घेतलं, तर त्यांना विनंती आहे, की या प्रकरणाची सुरुवात 'इफ'पासून करू नका. मराठीची ही पाच रूपं पहिल्या पानावर मांडा, त्यांच्यासमोर तुर्की रूपं ठेवा, आणि 'आलं तर' त्याच पानावर, पण वेगळ्या चौकटीत छापा.